सेटिंगलाही वय असते



९ नोव्हेंबर १९६५, मंगळवार. संध्याकाळचे सव्वापाच वाजून गेले होते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, नायगरा नदीकाठच्या सर ॲडम बेक जलविद्युत केंद्रातून टोरोंटोच्या बाजूला २३० केव्हीच्या पाच वाहिन्या जात होत्या. थंडीचे दिवस होते, दिवेलागणीची वेळ होती, मागणी चढत होती. अशा वेळी पाचांपैकी एका वाहिनीवरच्या रिलेने आपल्या ब्रेकरला उघडण्याचा हुकूम सोडला. ब्रेकर उघडला. पाच वाहिन्यांचा भार चार वाहिन्यांवर आला आणि जेमतेम अडीच सेकंदांत त्याही एकामागून एक सुटल्या. उत्तरेकडे निघालेली वीज उलटी फिरून न्यूयॉर्क राज्याच्या जाळ्यात घुसली. काही मिनिटांत न्यूयॉर्क शहर, न्यू इंग्लंडचा मोठा भाग आणि ओंटारिओतली अनेक गावे अंधारात गेली. सुमारे तीन कोटी माणसांना याचा फटका बसला. काही ठिकाणी वीज परत यायला तेरा तास लागले.

चौकशीत जे निघाले ते आजच्या विषयाच्या मुळाशी आहे. त्या वाहिनीत कसलाही बिघाड नव्हता. तार तुटली नव्हती, फांदी पडली नव्हती, रिलेही नादुरुस्त नव्हता. तो ३७५ मेगावॉटवर सेट केलेला होता आणि ते सेटिंग १९६३ पासून चालू होते. ते ठरले तेव्हाच्या भाराला योग्यच होते. पुढे भार वाढत गेला, आकडा मात्र तिथेच राहिला. वाहिनीची स्वतःची ताकद त्याहून बरीच जास्त होती. नियंत्रण कक्षात त्या वेळी कामावर असलेल्या माणसांना हा आकडा माहीतच नव्हता.

आपल्याकडचे उदाहरण फार जुने नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी लागोपाठ दोनदा देशाचे वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत एकाच वेळी बंद पडला आणि साठ कोटींवर लोकसंख्येचा प्रदेश विजेविना राहिला. दोन्ही दिवशी कळीची ठरली ती ४०० केव्हीची बीना–ग्वाल्हेर वाहिनी. तिच्या जोडीची दुसरी वाहिनी कामासाठी बंद होती. उरलेल्या एकीवर भार इतका चढला आणि व्होल्टेज इतके उतरले की रिलेला ती स्थिती दूरच्या बिघाडासारखी दिसली आणि त्याने वाहिनी तोडली. महाराष्ट्र ज्या पश्चिम विभागात येतो तो मात्र दोन्ही दिवशी उभा राहिला.

ही उदाहरणे राष्ट्रांच्या आकाराची आहेत. पण चाकणच्या शेडमधल्या एलटी पॅनेलवर, बुटीबोरीच्या रोलिंग मिलमध्ये, इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या गाळ्यात हीच गोष्ट लहान आकारात रोज घडते. पॅनेल बसले त्या दिवशी कोणीतरी हिशोब करून ब्रेकरचे आकडे लावले. मग नवे कॉम्प्रेसर आले, जुनी मोटर बदलली, छतावर सोलर बसले, डीजी सेट वाढला. आकडे तेच राहिले, किंवा याहून वाईट म्हणजे एका रात्री तिसऱ्या पाळीत कोणीतरी ते ‘थोडे वाढवले’ आणि त्याची नोंद कुठेच झाली नाही.

ब्रेकरकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. वर्षानुवर्षे त्याने गुपचूप करंट वाहून न्यायचा, आणि ज्या क्षणी गरज पडेल त्या क्षणी सेकंदाच्या काही शतांश भागात तोच करंट तोडायचा. तोडताना कॉन्टॅक्टच्या फटीत आर्क पेटतो. वरच्या आर्क शूटमधल्या पोलादी पट्ट्या त्याचे तुकडे करतात, त्याला थंड करतात, विझवतात. हे सगळे कधी करायचे, हे ब्रेकरमधला ‘रिलीज’ नावाचा भाग ठरवतो. जुन्या रिलीजमध्ये तापून वाकणारी द्विधातूची पट्टी आणि चुंबकीय गुंडाळी असे, लहान मोल्डेड केस ब्रेकरमध्ये, म्हणजे एमसीसीबीत, ती अजूनही असते. मोठ्या एअर सर्किट ब्रेकरमध्ये, म्हणजे कारखान्याच्या बोलीतल्या एसीबीत, आता इलेक्ट्रॉनिक रिलीज असतो आणि त्याच्या तोंडावर पेचकसाने फिरवायचे चिमुकले डायल असतात.

त्या डायलांचा अर्थ एका साध्या हिशोबाने कळतो. मध्यम कारखान्यात ११ केव्हीचे ४३३ व्होल्ट करणारा १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचा पूर्ण भाराचा करंट १३३३ अँपिअर येतो. त्यापुढे इन्कमर म्हणून, म्हणजे पॅनेलचा मुख्य ब्रेकर म्हणून, १६०० अँपिअरचा एसीबी बसवतात. पहिला डायल ओव्हरलोडचा. तो ०.८५ वर ठेवला तर ब्रेकरची मर्यादा १३६० अँपिअर होते, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या ताकदीला लागून. तोच डायल १ वर नेला की मर्यादा १६०० होते. आता ट्रान्सफॉर्मर वीस टक्के जास्त भार अखंड ओढत राहिला तरी या ब्रेकरला त्याचे काही वाटणार नाही. डायल अर्ध्या इंचाचाही नाही, पण तो एवढा फिरवला की त्या ट्रान्सफॉर्मरचे ओव्हरलोड संरक्षण तिथे संपते.

केबलचेही तसेच. समजा, बसवलेल्या परिस्थितीत एखादी केबल २०० अँपिअरच सुरक्षित वाहू शकते, म्हणून २५० अँपिअरचा एमसीसीबी ०.८ वर ठेवला. उन्हाळ्यात तो पडू लागला, उत्पादन खोळंबले, कोणीतरी डायल १ वर नेला. ब्रेकर पडायचा थांबला आणि सगळ्यांना हायसे वाटले. पण तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट सव्वा पट झाला की उष्णता दीड पटीहून जास्त होते. पीव्हीसी इन्सुलेशनची मर्यादा ७० अंश सेल्सिअस आहे. तिच्या पलीकडे ते रोज थोडे थोडे कडक होत जाते, आणि ब्रेकर आता त्याबद्दल काहीच सांगत नाही.

उन्हाळ्यात ब्रेकर पडण्यामागे पुष्कळदा वेगळे कारण असते. द्विधातूच्या पट्टीचे कॅलिब्रेशन साधारणपणे ४० अंशांच्या हवेसाठी केलेले असते. विदर्भात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, पत्र्याच्या शेडमधल्या बंद पॅनेलमध्ये त्याहून कितीतरी जास्त. पट्टी आधीच तापलेली असल्याने ती लवकर सुटते. इथे उपाय आहे पॅनेलला हवा देणे, जाळीत अडकलेली धूळ काढणे, ढिला लग शोधणे, आणि उत्पादकाच्या तापमान-तक्त्याप्रमाणे योग्य ब्रेकर निवडणे. डायल फिरवणे हा सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत जास्त केला जाणारा उपाय आहे.

ओव्हरलोडच्या पुढचे डायल शॉर्टसर्किटचे. वरच्याच ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स ५ टक्के धरला तर त्याच्या टर्मिनलजवळ शॉर्ट झाल्यास सुमारे २६,७०० अँपिअर वाहू शकतात. खालच्या फीडरवर ४०० अँपिअरचा एमसीसीबी आहे आणि तो दहा पट म्हणजे ४००० अँपिअरला तत्काळ सुटतो. त्या फीडरच्या दूरच्या टोकाला शॉर्ट झाला तर फक्त तोच पडावा, संपूर्ण कारखाना बंद पडू नये, म्हणून वरच्या इन्कमरला क्षणभर थांबायला सांगतात: ०.१, ०.२, ०.३ किंवा ०.४ सेकंद. कारखान्यात याला ग्रेडिंग म्हणतात. प्रत्येक ब्रेकर आपल्या खालच्याला आधी संधी देतो.

पण या थांबण्याची किंमत माणसाच्या अंगावर येऊ शकते. ड्यूपाँ कंपनीतले अभियंते राल्फ ली यांनी १९८२ मध्ये विजेच्या आर्कमुळे होणाऱ्या भाजण्यावर निबंध लिहिला. विजेचा धोका म्हणजे शॉक, एवढेच तोवर बहुतेकांच्या डोक्यात होते. ली यांनी दाखवले की तारेला हात न लावताही माणूस मरू शकतो. आर्कच्या टोकांशी तापमान वीस हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांच्या आसपास असतो. तांबे वितळते, त्याची वाफ होते, त्या वाफेचा धक्का पॅनेलचे दार उडवून देतो. समोर उभ्या माणसावर पडणारी उष्णता आर्क किती वेळ टिकला त्याच्या प्रमाणात वाढते. म्हणून इन्कमरचा विलंब ०.१ वरून ०.४ सेकंद केला की त्याच बिघाडात अंगावर येणारी ऊर्जा सुमारे चौपट होते. ग्रेडिंगचा तक्ता बनवणाऱ्याने पॅनेलसमोर कोण उभे राहणार आहे, हेही त्या आकड्यात धरले पाहिजे. आता अनेक नव्या ब्रेकरना ‘मेंटेनन्स मोड’चा स्विच असतो. काम चालू असेपर्यंत तो विलंब काढून टाकतो. ज्या कारखान्यात असा स्विच आहे तिथे तो वापरला जातो का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे. एसीबी बाहेर काढायचा आहे. पर्मिट लिहून झाले, शटडाउनची वेळ ठरली. आधी ब्रेकर ऑफ करायचा आणि दर्शकावर ‘ओपन’ आल्याची खात्री करायची. दर्शकावर एकट्यावर विसंबायचे नाही, तिन्ही फेजचे अँपिअर शून्य झालेत हेही पाहायचे. मग दार बंद ठेवूनच रॅकिंग हँडल लावायचा आणि शक्य तितके बाजूला उभे राहून फिरवायचा. ब्रेकर ‘सर्व्हिस’मधून ‘टेस्ट’मध्ये येतो, तिथून ‘आयसोलेटेड’मध्ये. बसबारवरचे जॉ सुटण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा, कारण ब्रेकर खरोखर उघडलेला नसेल तर भारासकट जोड सुटतो आणि आर्क पॅनेलमध्येच पेटतो. याच कारणासाठी अनेक ठिकाणी आता दूरवरून चालणारी रॅकिंग मोटर वापरतात. पण आर्कला तोंड देणारा सुती पोशाख आणि चेहऱ्यावरचे कवच यांना पर्याय नाही. टेरिलिनचा शर्ट वितळून कातडीला चिकटतो. हातातले घड्याळ, अंगठी, गळ्यातली साखळी पॅनेलबाहेरच उतरवून ठेवायची.

आयसोलेटेड झाल्यावर कुलूप आणि टॅग. कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात राहते, फोरमनच्या टेबलावर नाही. दोघे काम करत असतील तर दोन कुलुपे. मग वीज गेली की नाही हे तपासायचे, तेही तीन पायऱ्यांत: टेस्टर आधी चालू लाइनवर लावून तो ठीक आहे हे पाहायचे, मग बंद केलेल्या टर्मिनलवर लावायचा, आणि पुन्हा चालू लाइनवर. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर तिसऱ्या पायरीला ते उघड होते. आजच्या कारखान्यात वीज एकाच बाजूने येत नाही. डीजी सेट, यूपीएस, छतावरचे सोलर इन्व्हर्टर, कॅपॅसिटर बँक या सगळ्यांतून ती उलटी येऊ शकते. कॅपॅसिटर बंद केल्यावर पाटीवर लिहिलेला वेळ थांबायचे, तपासायचे आणि मगच अर्थिंग करायचे.

यानंतरही ब्रेकर ‘मेलेला’ नसतो. त्याच्या पोटात दाबलेल्या स्प्रिंगमध्ये बोट तोडण्याइतकी ताकद शिल्लक असते. म्हणून आधी स्प्रिंग भरणाऱ्या मोटरचा पुरवठा काढायचा, नाहीतर रिकामी केलेली स्प्रिंग ती मोटर पुन्हा भरून ठेवते. मग ऑफ, ऑन, ऑफ अशी बटणे दाबून दोन्ही स्प्रिंगा सोडायच्या. दर्शकावर ब्रेकर ओपन आणि स्प्रिंग डिस्चार्ज, दोन्ही दिसले की मगच कव्हरच्या स्क्रूला हात लावायचा.

आत सर्वांत आधी पाहायचे ते ग्रीस. ब्रेकर न पडण्यामागे किंवा उशिरा पडण्यामागे सुकून चिकट झालेले ग्रीस हे अगदी नेहमीचे कारण असते. वर्षभर न हललेला ब्रेकर पहिल्यांदा जड जातो. एकदा दोनदा चालवला की मोकळा होतो आणि मग सगळ्या चाचण्यांत उत्तम निघतो. म्हणून पहिल्या ट्रिपची वेळ घेणे महत्त्वाचे, कारण खऱ्या बिघाडात पहिलीच ट्रिप मिळणार असते. गंज सोडवणारा स्प्रे मारून काम भागवण्याची सवय फार घातक आहे. स्प्रे मूळचे ग्रीस धुऊन टाकतो, चार दिवस ब्रेकर फुलासारखा चालतो, मग स्प्रेचा राहिलेला अंश धुळीशी मिळतो आणि ब्रेकर पुन्हा घट्ट होतो. जुने ग्रीस पुसून काढायचे आणि उत्पादकाने सांगितलेलेच लावायचे. दोन वेगळ्या जातींचे ग्रीस एकत्र झाले तर त्यांचा दगड होऊ शकतो.

पडून राहिलेल्या ब्रेकरचे साखर कारखाने चांगले उदाहरण आहेत. गळीत हंगाम चालू असताना ब्रेकरला कोणी हात लावत नाही, हंगाम संपला की बरेच ब्रेकर कित्येक महिने एकाच जागी पडून राहतात. बगॅसचा बारीक भुसा आर्क शूटपर्यंत पोचलेला असतो, पावसाळ्याची दमट हवा त्यात भर घालते. मोळी टाकण्याच्या आधीच्या आठवड्यात घाईने मेगरने इन्सुलेशन तपासून मोकळे होण्याऐवजी ऑफ सीझनचे पहिलेच काम म्हणून ब्रेकर घेतले तर आर्क शूट सुटे करून झाडता येतात, कॉन्टॅक्ट बघता येतात, लागणारे सुटे भाग मागवायलाही वेळ मिळतो. तारापूर, महाड, लोटे इथल्या रसायन पट्ट्यात धुळीपेक्षा आम्लाच्या वाफांचा त्रास जास्त. तिथे तपासणीचा काळ पुस्तकातल्यापेक्षा कमी ठेवावा लागतो.

कॉन्टॅक्टवर चांदीचा मिश्रधातू असतो. तो काळपट दिसला म्हणजे खराब झाला असे नव्हे, आणि तो पॉलिश पेपरने घासून चकचकीत करणे म्हणजे स्वतःच्या हाताने त्याचे आयुष्य कमी करणे. खरी स्थिती मोजून कळते. बंद कॉन्टॅक्टमधून शंभर अँपिअर डीसी सोडून मायक्रोओममध्ये रोध मोजायचा आणि तिन्ही पोलचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे. एक पोल सर्वांत कमी असलेल्यापेक्षा पन्नास टक्क्यांहून जास्त दाखवत असेल तर कारण शोधायचे. मेगर मारण्याआधी इलेक्ट्रॉनिक रिलीजचे जोड सोडवायचे, नाहीतर हजार व्होल्ट त्याचा जीव घेतात.

रिलीज तपासण्याच्या दोन पद्धती आहेत. सेकंडरी इंजेक्शनमध्ये छोट्या किटने रिलीजला खोटा संदेश देतात. यात फक्त रिलीजचे डोके तपासले जाते. प्रायमरी इंजेक्शनमध्ये कमी व्होल्टेजला खरे हजारो अँपिअर ब्रेकरमधून सोडतात. यात करंट ट्रान्सफॉर्मर (सीटी), त्याची वायर, रिलीज, ट्रिप कॉइल आणि यंत्रणा हे सगळे एकाच वेळी कसाला लागते. दरवर्षी सेकंडरी चाचणीचा दाखला फाइलला लावणाऱ्या कारखान्यात एखाद्या फेजची सीटी वायर निघालेली असू शकते, आणि दाखल्यात ते येत नाही.

आणखी एक सवय मोडायला हवी. ब्रेकर पडला की लगेच पुन्हा ऑन करून पाहणे. ब्रेकरच्या पाटीवर आयसीयू आणि आयसीएस असे दोन आकडे असतात. आयसीयूची चाचणी म्हणजे तेवढा मोठा बिघाड एकदा तोडणे आणि मग बिघाडावरच चालू होऊन आणखी एकदा तोडणे. त्यानंतर तो ब्रेकर पूर्ण भाराने पुन्हा कामाला येईल, अशी हमी त्या आकड्यात नसते. ती आयसीएसमध्ये असते. मोठ्या शॉर्टनंतर दोन-तीनदा लिव्हर वर करणारा माणूस ती मर्यादा एका मिनिटात खर्ची घालतो. बंद डब्यातला एमसीसीबी उघडून दुरुस्त करता येत नाही. त्याच्या ताकदीच्या जवळचा बिघाड त्याने तोडला असेल तर तो बदलणेच योग्य.

ब्रेकर बनवण्यात महाराष्ट्र मागे नाही. कळवा, नाशिक, अहिल्यानगर इथल्या कारखान्यांत स्विचगिअर पिढ्यान्‌पिढ्या बनत आले आहे. नियमही आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आहेत, विद्युत निरीक्षकांचे खाते आहे, स्विचगिअरच्या देखभालीसाठी आयएस १०११८ आणि काम करताना घ्यायच्या काळजीसाठी आयएस ५२१६ ही भारतीय मानके आहेत. कमतरता आहे ती डायल आणि कागद यांच्यामधल्या दुव्याची. बहुतेक पॅनेलच्या दारामागे सिंगल लाइन आकृती चिकटवलेली असते, पण कोणता ब्रेकर किती आकड्यावर, कोणाच्या सहीने, कोणत्या तारखेपासून आहे, याचा तक्ता तिथे क्वचितच दिसतो.

हा तक्ता असला तर रात्रपाळीच्या वायरमनलाही बळ मिळते. उत्पादन थांबलेले, व्यवस्थापक फोनवर, सुपरवायझर शेजारी उभा आणि ‘सेटिंग वाढव’ असा हुकूम. अशा वेळी त्या वायरमनला एकट्याने नाही म्हणायला लावणे अन्यायाचे आहे. तक्त्यावर ‘बदल फक्त अधिकृत अभियंत्याच्या लेखी परवानगीने’ असे लिहिलेले असेल, पारदर्शक झाकणाला सील असेल, तर नाही म्हणण्याचे ओझे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नाही. त्याने ब्रेकर का पडला याचा शोध घ्यायचा, रिलीजच्या मेमरीत ओव्हरलोड, शॉर्ट की अर्थ फॉल्ट ते पाहायचे आणि कळवायचे. बदल करायचाच असेल तर हिशोब करणारा माणूस येईल, ब्रेकर ऑफ असताना करेल, डायल दोन खुणांच्या मध्ये लटकत ठेवणार नाही, आधीचा आणि नंतरचा फोटो काढेल आणि तक्त्यावर नवी तारीख घालेल.

लहान उद्योजकांची अडचण खरी आहे. प्रायमरी इंजेक्शनचा संच महाग असतो आणि पाच-सात ब्रेकर असलेल्या कारखान्याला तो परवडत नाही. पण एका एमआयडीसीत असे शेकडो कारखाने असतात. तिथल्या उद्योजक संघटनेने एक इंजेक्शन संच, एक मायक्रोओम मीटर आणि एक थर्मल कॅमेरा मिळून घेतला, तो चालवणारा प्रशिक्षित गट ठेवला आणि दिवाळीच्या शटडाउनमध्ये गाळ्यागाळ्याला वेळ वाटून दिली, तर हे काम आवाक्यात येते. आयटीआयमधल्या वीजतंत्री अभ्यासक्रमाची मुले दोन वर्षे शिकतात. त्यांना या गटाबरोबर पाठवले तर ग्रेडिंगचा तक्ता कसा वाचायचा आणि स्प्रिंग कशी सोडायची, हे ती खऱ्या पॅनेलवर शिकतील. सभागृहात आज उद्योजक आहेत, शिक्षक आहेत, विद्युत ठेकेदारही आहेत. येत्या दिवाळीपूर्वी आपापल्या वसाहतीत अशी एक बैठक त्यांनी बोलवावी आणि पहिल्या बैठकीला पॅनेलमागचा तक्ता, असेल तसा, बरोबर आणावा, अशी विनंती आहे.